मुंडावळ्या शार्प आणि नवरी ब्लर, असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निकॉन डी५६०० कॅमेऱ्याची बॉडी, सोबत १८-५५ किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८, वर निकॉनसाठीचा टीटीएल (ताकद आपोआप ठरवणारा) फ्लॅश. मामेबहिणीच्या लग्नात हजारभर फोटो काढले, त्यातले निम्मे फोकस आउट, हळदीचे बरेच पांढरेफटक, लग्न लागतानाचे काळे. सेटिंग ए मोड (एफचा आकडा आपण ठरवायचा, शटर कॅमेरा ठरवतो), ऑटो आयएसओ (सेन्सर उजेडाला किती हळवा ते कॅमेराच ठरवतो) कमाल ६४००, फोकस एएफ-ए आणि ऑटो एरिया. आता पुढच्या महिन्यात पैसे घेऊन पहिली ऑर्डर आहे आणि विचारताय की बॉडी सर्व्हिसला टाकू की सरळ विकून नवीन घेऊ.

दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको. मी सांगली-मिरजेकडे लग्नं करतो, फिल्मचे रोल मोजून वापरायचो तेव्हापासून, आणि नवीन पोरांच्या तक्रारींचे फोटो बघून बघून एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय. आपण म्हणतो कॅमेरा चुकला, पण बहुतेक वेळा कॅमेऱ्याने त्याच्यासमोर जे दिसलं त्यावर बरोबर निर्णय घेतलेला असतो, फक्त त्याला जे दिसलं ते आपल्याला हवं होतं ते नव्हतं. ऑटोफोकसचंही तेच आणि टीटीएल फ्लॅशचंही तेच. नवरीचा डोळा, मुंडावळीचा मोती, उडालेली अक्षत यातलं महत्त्वाचं काय हे त्याला कोण सांगणार, ते आपणच सांगायचं.

तुमची गडबड अशी झालीय की तीन वेगळे आजार एकाच पिशवीत भरलेत. फोकस चुकणं वेगळं, शटर स्लो पडून हललेला फोटो वेगळा, आणि फ्लॅशचं ओव्हर-अंडर वेगळं. तिन्ही एकत्र बघितलं की कॅमेरा खराबच वाटतो. म्हणून आधी फोटो पीसीवर घ्या आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ टाका, फुकट आहे, त्यात कॅमेऱ्याने कुठला फोकस पॉइंट धरला होता ते दिसतं. ब्लर फोटो एकेक करून १०० टक्क्याला उघडायचा आणि बघायचं, फ्रेममध्ये कुठेतरी काहीतरी शार्प आहे का? नवरीचा चेहरा गेलाय पण मागच्या करवलीच्या साडीचा काठ किंवा पुढची मुंडावळी कडक शार्प आहे, म्हणजे फोकस लागला होता पण चुकीच्या जागी लागला. कुठेच काही शार्प नाही आणि दिव्यांच्या, दागिन्यांच्या चमकेला छोट्या शेपट्या आल्यात, म्हणजे ते हललंय, फोकसचा संबंध नाही. आणि सगळंच एकसारखं मऊ, दुधाळ असेल तर लेन्स तपासा, पुढच्या काचेवर बोटाचे ठसे, स्वस्तातला फिल्टर, किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात लागलेली बुरशी. माझा अंदाज आहे तुमच्याकडे पहिल्या दोन्ही जाती निम्म्या-निम्म्या निघतील, पण फोटो न बघता बोलतोय तेव्हा अंदाजच समजा.

आता पहिली जात. ऑटो एरिया म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याला सांगितलं की तुझं तू बघ. तो साधारणपणे जवळचं आणि ज्याच्यात उजेड-अंधाराचा फरक जास्त ते पकडतो. लग्नात जवळचं आणि चमकणारं काय असतं? मुंडावळ्या, नथ, हिरवा चुडा, हार, पुढे आलेल्या काकूंचा अंबाडा. त्यात ५० एमएम एफ १.८ वर. दीड मीटरवरून या बॉडीवर पूर्ण उघड्या लेन्सला शार्प पट्टा जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटरचा मिळतो, म्हणजे डोळ्याच्या तीन सेंटिमीटर पुढे आणि तीन मागे. नवरीने मान खाली घातली की मुंडावळ्या चेहऱ्यापासून सुटून पुढे लोंबतात, फोकस त्यांच्यावर बसला की डोळे गेलेच. तोच फोटो एफ ४ ला (एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं छिद्र लहान) काढला असता तर चौदा सेंटिमीटरचा पट्टा मिळाला असता आणि दोन्ही वाचले असते. एफ १.८ घेतलाय म्हणून एफ १.८ वरच काढायचं असं काही नाही हो, मीपण पहिली दोन वर्षं हेच केलं, पैसे वसूल करायचे म्हणून.

म्हणून सिंगल पॉइंट घ्या, म्हणजे फोकसचा एकच पॉइंट आणि तो आपण निवडायचा. या बॉडीत ३९ पॉइंट आहेत पण त्यातले मधले ९ च क्रॉस टाइप आहेत, ते आडव्या-उभ्या दोन्ही रेघा धरतात, बाकीचे एकाच दिशेच्या. बाहेरचा पॉइंट कमी उजेडात एकरंगी फेट्यावर नाहीतर प्लेन शालूवर ठेवला की लेन्स मागे-पुढे, मागे-पुढे करत बसते, धरायला रेघच नाही तर तो तरी काय करणार. मधला पॉइंट भुवई-डोळ्यावर ठेवा, नाहीतर केसांची कड, साडीचा काठ, जिथे दोन रंग भेटतात तिथे ठेवा. बाहेरचाच पॉइंट वापरायची वेळ आली तर कॅमेरा जरा तिरका करून फोकस लावा, मग सरळ करा, रेघ पकडली जाते. आणि एक लक्षात ठेवा की व्ह्यूफाइंडरमधला चौकोन दिसतो तेवढाच भाग तो बघत नाही, खरा भाग त्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे लांबून डोळ्यावर पॉइंट ठेवला तरी शेजारची मुंडावळी त्यात येऊ शकते.

एएफ-ए पण बंद करा. त्यात माणूस हलतोय की थांबलाय हे कॅमेरा ठरवतो आणि नेमक्या वेळी चुकीचं ठरवतो. विधी बसून चाललेत तोवर एएफ-एस (एकदा धरून थांबणारा फोकस), वरातीत आणि नवरा-नवरी स्टेजकडे चालत येताना एएफ-सी (सतत मागोवा घेणारा). याच्यात अजून एक गंमत लपलीय. अंधारात मदतीला जो छोटा दिवा पेटतो ना कॅमेऱ्याच्या पुढे, तो एएफ-सी मध्ये पेटतच नाही, सिंगल पॉइंट असेल तर मधला पॉइंट निवडलेला असावा लागतो, आणि त्याची पोहोच तीनच मीटर. त्यात लेन्सला हूड लावलं की तो झाकला जातो. कंपनीच्या आकड्यानुसार या बॉडीचं ऑटोफोकस उणे १ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप) काम करतं, म्हणजे नुसत्या समईच्या उजेडात ते रडणारच. फ्लॅशच्या पोटातला लाल जाळीवाला दिवा यापेक्षा लांब पोचतो, तो मेन्यूत बंद तर नाही ना ते बघा, सेल वाचवायला लोक बंद करतात आणि विसरतात. एएफ-सी मध्ये तोही गप्प.

मंगलाष्टकं. हा भाग जरा सविस्तर लिहितो कारण काळे फोटो आणि चुकलेला फोकस दोन्ही तुम्हाला इथेच जास्त आलेत. शेवटचं सावधान झालं की दोन सेकंदांचा खेळ असतो, अंतरपाट खाली, अक्षता वर, हार गळ्यात. त्या वेळी ऑटोफोकसच्या जिवावर राहायचंच नाही. अंतरपाट धरलेला असताना फोकस अंतरपाटाच्या कापडावर असतो, तो खाली गेला की समोर हवेत तांदूळ, कॅमेरा तांदळावर फोकस करायला बघतो आणि तोवर हार घालून झालेले असतात. मी काय करतो, सहावं-सातवं कडवं चालू झालं की नवऱ्याच्या चेहऱ्यावर फोकस लावतो आणि लॉक करतो. तुमच्या बॉडीत कस्टम सेटिंगमध्ये एई-एल एएफ-एल बटणाला एएफ-ऑनचं, म्हणजे फोकस लावायचं, काम देता येतं, मग शटर दाबल्यावर फोकस होत नाही, अंगठ्याने दाबलं तरच होतो. एकदा अंगठ्याने लावला, अंगठा उचलला, आता कितीही अक्षता पडू देत. ३५ एमएमला, एफ ५.६ ला, तीन मीटरवरून दीड मीटरच्या वर पट्टा शार्प मिळतो, नवरा-नवरी दोघंही त्यात आरामात बसतात. मॅन्युअल फोकस करूनही चालतं पण तुमची किट लेन्स एएफ-पी वाली असेल तर तिच्यावर बटण नाहीये, मेन्यूतून करावं लागतं, आणि मधेच कॅमेरा झोपला तर लावलेला फोकस हलू शकतो, त्यामुळे अंगठेवाली पद्धतच बरी. हो, आपण स्वतः जागा बदलायची नाही मात्र. कोणी मामा मागून ढकलणारच, पाय रोवून उभं राहायचं.

आता याच वेळचे काळे फोटो. टीटीएल कसं चालतं ते एकदा समजून घेतलं की पुढचं आपोआप कळतं. शटर उघडायच्या आधी क्षणभर फ्लॅश एक बारीक झलक मारतो, ती समोरून परत किती आली ते कॅमेरा मोजतो आणि त्यावरून खऱ्या फ्लॅशला किती ताकद द्यायची ते ठरवतो. त्याच्या हिशेबात जग सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे. समोर पांढराशुभ्र अंतरपाट, बाजूला भटजींचं उपरणं, मागे टोप्यावाले पाहुणे, म्हणजे झलक भरपूर परत येते आणि तो म्हणतो की उजेड खूप आहे, ताकद कमी करा. चेहरे काळे. रिसेप्शनला नवरा काळ्या सुटात, मागे गडद पडदा, म्हणजे झलक परत येतच नाही, तो जोरात मारतो, नवरीचा मेकअप पांढरा. पैठणीची जर, पितळेची समई, स्टेजमागचे आरसे असलं काही थेट लेन्सकडे चमकलं की परत अंडर. म्हणून अंतरपाटाच्या वेळी फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशची ताकद हाताने कमी-जास्त करायची सेटिंग) अधिक ०.७ ते १, काळ्या सुटाला उणे ०.७, हे मी फोटो काढायच्या आधीच करतो, बघून दुरुस्त करत बसायला तिथे वेळ कुठे असतो. तुमच्या बॉडीवरून ते उणे ३ ते अधिक १ इतकंच जातं. आणि बॉडीवरही केलं, फ्लॅशवरही केलं तर दोघांची बेरीज होते, ती एक जुनी खोड आहे, एकाच ठिकाणी करायची सवय ठेवा आणि काम झालं की शून्यावर आणा.

काळ्या फोटोंचं दुसरं कारण त्याच्यापेक्षाही साधं. धडाधड पाच-सहा फोटो मारले तर पहिले दोन बरोबर आणि पुढचे काळे आलेत का ते क्रमाने बघा. असं असेल तर टीटीएल वगैरे काही नाही, फ्लॅश भरलाच नव्हता. दुकानातले साधे पेन्सिल सेल अर्ध्या लग्नात दमतात आणि फ्लॅश परत भरायला वेळ लावतात. रिचार्जवाले निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, १.२ व्होल्टचे असले तरी ते करंट झटकन देतात, दोन सेट ठेवा, आणि जुना-नवा सेल एकत्र घालू नका. फ्लॅश गरम झाला तरी तो स्वतःला वाचवायला वेळ वाढवतो, मे महिन्यात मांडवात पत्र्याखाली हे हमखास होतं.

तिसरं, अंतर. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) भागिले एफ म्हणजे किती मीटर, इतका सोपा हिशेब आहे. तुमच्या बॉडीवरच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर १०० आयएसओला १२ आहे, एफ ५.६ ला तो दोन मीटर पोचतो, ४०० आयएसओला चार मीटर. सासर-माहेर मिळून चाळीस जणांचा ग्रुप सात मीटरवरून त्याने उजळणार नाही, कितीही सेटिंग फिरवा. वरचा मोठा फ्लॅश पोचेल पण बाउन्स केला, म्हणजे त्याचं तोंड छताकडे करून मारला, तर परत हिशेब बदलतो. वीस फुटी छत, उजेड वर जाणार, खाली येणार, अर्धा तिथेच जिरणार. तिथे आयएसओ ८००-१६०० ला पर्याय नाही. आणि मांडवाला रंगीत कापड असेल तर बाउन्स विसरा, माझ्या सुरुवातीच्या एका लग्नात पिवळ्या झालरीवर बाउन्स मारला आणि अल्बम बघून नवरीची आई म्हणाली, माझ्या पोरीला कावीळ झालीय का. अजून लक्षात आहे.

आता हळदीचे पांढरे फोटो. इथे तुमच्या ऑटो आयएसओचा हात आहे असं मला वाटतं. घरात, खिडकी नसलेल्या खोलीत, कॅमेऱ्याने आयएसओ ३२०० च्या वर नेला, तुम्ही एफ १.८ वर, दीड मीटरवरून थेट फ्लॅश. फ्लॅश १/१२८ ताकदीपर्यंत खाली येतो असं धरा, तेव्हा त्याचा गाइड नंबर साधारण अकरा पटीने कमी होतो. समजा पूर्ण ताकदीला ३६ होता, तो ३ च्या जवळ आला. पण आयएसओ ३२०० ने तो परत साडेपाच पट वाढतो, म्हणजे १८ च्या आसपास, भागिले १.८, म्हणजे दहा मीटरला पुरेल इतका उजेड, आणि नवरी दीड मीटरवर बसलीय! फ्लॅशला याच्या खाली जाताच येत नाही, त्यामुळे कॉम्पेन्सेशन उणे ३ केलं तरी फरक पडणार नाही. आयएसओ उतरवा, एफचा आकडा वाढवून लेन्सचं छिद्र लहान करा, फ्लॅशचं तोंड छताकडे करा. घरातलं छत पांढरं आणि नऊ-दहा फुटांचं असतं, बाउन्सला त्याच्याइतकी छान जागा नाही. सगळेच फोटो एकसारखे पांढरे असतील आणि आयएसओही कमी असेल, तर मात्र फ्लॅशचा पाय बुटात (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत) पूर्ण सरकलाय का ते बघा. मधला एकच खिळा टेकला आणि बाकीचे नाही, तर काही फ्लॅशला टीटीएलचा निरोपच मिळत नाही आणि ते भरल्या ताकदीने मारतात. मी यावर एक अख्खं साखरपुड्याचं काम घालवलंय, दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की घाईत फ्लॅश दोन मिलिमीटर बाहेर होता. खिळे कोरड्या सुती कपड्याने पुसत जा, घाम आणि हळद दोन्ही त्यावर बसतात.

राहिले हललेले फोटो, त्याचं पटकन सांगतो. ए मोडला फ्लॅश चालू असताना निकॉन साधारण १/६० वर जाऊन थांबतो, आणि स्लो सिंक (फ्लॅशसोबत शटर मुद्दाम स्लो ठेवणारी सेटिंग) चुकून लागलं असेल तर त्याच्याही खाली. आयएसओ जास्त असला की त्या १/६० मध्ये हॉलचा उजेडही फोटोत उतरतो, मग फ्लॅशने गोठलेला एक माणूस आणि त्याच्या कडेने पुसट दुसरा असं दुहेरी दिसतं. वरातीत तर सगळेच नाचतायत. उपाय मॅन्युअल मोड, घाबरायचं काही नाही, फ्लॅश टीटीएलवरच राहतो, तो त्याचं काम करतोच. हॉलमध्ये मी १/१६०, एफ ४, आयएसओ ८०० पासून सुरू करतो, हॉल अंधारा असेल तर १६००. शटर १/२०० च्या वर नेऊ नका, तुमच्या बॉडीची सिंकची, म्हणजे फ्लॅश आणि शटर जुळण्याची, हद्द तेवढीच आहे आणि हाय स्पीड सिंक तिच्यात नाही. स्टेजवर एलईडीची भिंत असेल आणि फोटोत पट्टे येत असतील तर १/१०० वर उतरा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, बहुतेक वेळा जमून जातं, सगळ्या पॅनलला नाही.

हे सगळं वाचूनही मनात शंका राहणारच की बॉडीतच दोष असेल तर? असू शकतो. म्हणून घरी एका दुपारी हे करा, फ्लॅश काढून ठेवा आणि फक्त फोकस तपासा. टेबलावर मसाल्याचे तीन डबे तिरके ओळीत ठेवा, प्रत्येकाच्या मध्ये पाच सेंटिमीटर पुढे-मागे अंतर, अक्षरं असलेली बाजू आपल्याकडे. कॅमेरा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर, ५० एमएम, एफ १.८, दिवसाचा उजेड. मधल्या डब्यावर मधला पॉइंट, व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो, दरवेळी लेन्सची रिंग फिरवून फोकस मोडायचा आणि परत लावायचा. मग तसेच दहा लाइव्ह व्ह्यूमधून. लाइव्ह व्ह्यू थेट सेन्सरवरून फोकस करतो आणि व्ह्यूफाइंडरचा फोकस आरशाखालच्या वेगळ्या तुकड्यातून होतो, त्यामुळे लाइव्ह व्ह्यूचे दहाही शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे दहाच्या दहा पुढच्या डब्यावर, असं आलं तर तो खरोखर फ्रंट फोकस, म्हणजे कायम पुढेच बसणारा फोकस, आहे. या बॉडीत एएफ फाइन ट्यून (फोकसची अशी चूक मेन्यूतून सुधारायची सोय) दिलेलं नाही, त्यामुळे मग बॉडी आणि तीच लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिसला द्यायची, नुसती बॉडी देऊन उपयोग नाही. पण चार पुढे, तीन बरोबर, तीन मागे असं विखुरलेलं आलं तर आधी पॉइंट कशावर बसतोय ते तपासा, आणि परत दहा काढा.

मग फ्लॅशची पाळी. भिंतीकडे तोंड करून दोन मीटरवर, १/१६०, एफ ५.६, आयएसओ ४००, फ्लॅश मॅन्युअलला १/८ ताकदीवर, पाच-पाच सेकंद थांबून दहा फोटो. हे दहा फोटो उजेडाला जुळे भाऊ दिसले पाहिजेत. नाही दिसले तर सेल, खिळे, नाहीतर फ्लॅशच आजारी, तो दाखवायला न्या. जुळे दिसले तर टीटीएल लावा आणि भिंतीवर एकदा पांढरा टॉवेल टांगून, एकदा काळं घोंगडं टांगून काढा. टॉवेल मळकट करडा आणि घोंगडंही करडंच दिसेल, त्यात किती स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक पडतोय ते लिहून ठेवा, अंतरपाटाला तेवढंच अधिक करायचंय.

ऑर्डरच्या आधी एखाद्या ओळखीच्यांच्या मुंजीत फुकट जाऊन हे करून बघा, तिथेही अंतरपाट असतोच. आणि एवढं करून फोटो चुकलेच तर दोन-चार मूळ फाइली पाठवा, व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून नको, त्यात सेटिंगची माहिती पुसली जाते आणि मग मी परत अंदाजच सांगत बसेन.